धुण्याची दोरी

अमरापुऱ्यात एका मागावर दोघी बसतात.
लाटांची नक्षी एकटीच्या हातांना झेपत नाही.
शंभराच्या वर धोटे, छोटे छोटे,
मी डावीकडून सोडते, चो चो माव उजवीकडून उचलते,
सव्वीस वर्षं.
तिच्या कोपराची हाडं मला
नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

आम्ही विणलेलं रेशीम लग्नात मिरवतं,
फोटोत पुढे उभं राहतं.
पण एकदा नेसून धुतलं की तेच थमेइन
घरामागे, बुटक्या दोरीवर,
पुरुषाच्या डोक्याच्या खाली.
त्याखालून बाप्या माणूस गेला तर त्याचं तेज उतरतं म्हणे.
आई म्हणायची, "वर नको घालूस गं, भाऊ जातो तिथून."
भाऊ तेव्हा चार वर्षांचा. शेंबडा.
त्याच्या तेजासाठी मी वाकून वाकून
कपडे वाळत घालायला शिकले.

त्या मार्चमध्ये बंदुका रस्त्यावर आल्या
आणि गल्लीतल्या पोरी दारात. मावशी, जुनी थमेइनं आहेत?
मला वाटलं, जखमा बांधायला.
नाही, म्हणाल्या. वर टांगायला.

आधी मी हसले.
मग पोटात काहीतरी ताण्यासारखं ताठ झालं.
जन्मभर ज्याला विटाळ म्हणत आलो
त्याचीच वेस बांधायची होती, गल्लीच्या तोंडाशी.

रात्री एकेकीच्या ट्रंकेतून निघाली:
पान विकणाऱ्या खिन ह्निनचं, कात्याच्या डागांचं,
शाळेतल्या बाईंचं हिरवं,
माझ्या सासूचं, जी जिवंतपणी
त्याला कुणाला शिवू देत नव्हती.
विजेच्या खांबापासून तांदळाच्या दुकानाच्या छपरापर्यंत
आमच्या हातचं काम, सगळं एका ओळीत.
प्रदर्शन म्हणाल तर तेच आमचं पहिलं.
विणणारीचं नाव कशावरच नव्हतं. ते नेहमीचंच.

चो चो माव उशिरा आली.
तिचा मुलगा तिकडे, त्या हिरव्या गाड्यांत,
म्हणून तिला कुणी बोलावलं नव्हतं.
मीही नाही.
तिने काखेतून एक करडं थमेइन काढलं,
एका बाजूने काठ वीतभर कापलेला.
"भरती झाला तेव्हा मागून नेली," म्हणाली.
"आईच्या थमेइनची पट्टी टोपीत शिवली
की गोळी लागत नाही."

कुणीच बोललं नाही.
एकच कापड. डोक्यावर टांगलं तर तेज जातं,
टोपीत शिवलं तर जीव वाचतो.
इतकी वर्षं विणत होतो
आणि हा उसवलेला टाका
एकीच्याही नजरेला आला नव्हता.

सकाळी गाडी आली. दोरीच्या अलीकडे थांबली.
इंजिन बंद झालं, हे मी ऐकलं.
एकजण टपावर चढून लांब बांबूने ढकलू लागला,
हात लागू नये म्हणून तोंड वाकडं,
मेलेला उंदीर उचलावा तसं.
मागच्या फळीवरचा एक उतरलाच नाही.
त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली,
थोड्या वेळाने परत घातली.
तो तिचाच होता का?
चो चो माव म्हणते नाही, त्याचे कान मोठे आहेत.
एवढ्या लांबून कानांचं काय कळतं.

वीस मिनिटं. मी मोजली नाहीत, पोरींनी मोजली.
तेवढ्यात मागच्या बोळातून किती जणं निसटली
तो आकडा कुठे बोलायचा नाही, म्हणाल्या.

मग सगळी जाळली.
रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

माग पुन्हा चालू आहे.
काल तिने माझ्याकडे धोटा सरकवला, करडा.
नक्षीत करडा नव्हता.
मी उचलला, घेतला लाटेत.
गिऱ्हाईक विचारेल ही चूक कशी.
बघू, सांगू काहीतरी.

धुणं आता पुढच्या दारी असतं.
दोरी नवी आणली, उंच बांधली.
भाऊ येतो, थबकतो,
पन्नाशीचा माणूस, मान वर करून बघतो
आणि पेरूच्या झाडामागून फिरून आत येतो.
येऊ दे.
थोडं चालणं त्यालाही बरं.