रुवी ते काँक, पायी

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, घड्याळवाल्याच्या डोक्यावर
आमची कचेरी. उमरा, केरळ, गोवा, कधीमधी जॉर्जिया.
फ्रान्सचं हे पायी चालायचं पॅकेज
सतरा वर्षांत मी एकदाच विकलं.

एर्मेलिंदा लोबो, मूळ वेंगुर्ल्याच्या,
सरकारी इस्पितळातून निवृत्त व्हायला पाच महिने.
डाव्या गुडघ्याचा एक्स-रे टेबलावर पालथा ठेवून म्हणाल्या,
"ल पुई ते काँक. दोनशे किलोमीटर.
सामान गाडीतून, आपण पायी,
आणि रोज रात्री त्या त्या गावचं जेवण. बरोबर?"
बरोबर, मी म्हटलं. वाचूनच म्हटलं.
"मगे अलिगो म्हणजे काय तां सांग आधी."

न खाल्लेल्या पदार्थांचं वर्णन करणं
यावरच तर माझा पगार चालतो.
बटाटा घोटायचा, म्हटलं, त्यात ताजं चीज,
डाव उचलला की दोरी निघते माणसाच्या उंचीची,
ती तुटेपर्यंत कुणी बोलायचं नसतं.
(हे शेवटचं माझ्या पदरचं.)
"फणसाचो चीकच म्हण," त्या म्हणाल्या,
आणि आगाऊ रक्कम मोजली, दोनदा.

जानेवारीपासून सराव. शुक्रवारी, पहाटेची बांग सरता सरता,
रियाम बागेमागच्या जुन्या पाऊलवाटेने
डोंगर चढून मत्राहला उतरायचं.
बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं म्हणून
हबीबसाहेबांनी मला धाडलं. बुटांचे पैसे दिले नाहीत.
खडकांवर पिवळा, पांढरा, लाल पट्टा.
तिकडे नुसता पांढरा-लाल, मी सांगितलं,
इथला पिवळा तेवढा वजा करा.
त्यांच्या पाठीवर पाच किलो बासमती,
वजनाची सवय व्हावी म्हणून.
माझ्या पाठीवर पाणी. ते मी वाटेतच पिऊन हलकं केलं.

माथ्यावर वारा थांबतो.
खाली समुद्र, आणि मासळीबाजाराचा वास
उन्हाच्याही आधी वर येऊन बसलेला.
इथे तीस वर्षं आम्ही गाडीपासून दारापर्यंतच चाललो,
आणि दारापासून गाडीपर्यंत.
गुडघा चोळत त्या बोलत होत्या, माझ्याशी असं नाही,
सिल्हेटच्या एका पोराबद्दल,
परांचीवरून पडलेला, वय एकोणीस लिहिलं होतं, सतराचा असेल.
"पाणी देत होते तर नको म्हणाला.
माझे बूट कुठेत, एवढंच विचारत होता. सकाळपर्यंत."
मी घड्याळ बघितलं.
बघायला नको होतं.

लिंबाएवढा एक दगड उचलून त्यांनी पदर नसलेल्या कमरेशी
खोचायला पाहिला, मग तांदळात टाकला.
"तिकडे नेऊन ठेवीन. त्याच्या नावाचा."

मे महिन्यात गेल्या. रात्री फोनवर आवाज यायचा :
आज नदीकाठी ट्राउट, काटे मोजून एकशे चार.
आज गोड पाव, नारिंगीच्या फुलांचा वास, नाताळच्या बोलासारखा.
आज पाऊस, गाई, तीन फोड.
आज अलिगो. तू म्हणालास तशी कुणी गप्प बसली नाहीत.
गाईड मातील्द म्हणते हळू चालणारा आधी पोचतो,
काल मी सगळ्यांत शेवटी पोचले.

जूनमध्ये एक पाकीट हिरवी मसूर घेऊन आल्या,
आणि दगड.
विसरल्या ठेवायला. "काँकला पोचले तेव्हा
भूक इतकी लागलेली रे, सरळ ताटावर बसले."
असं म्हणून त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या,
जिथे फक्त समोरच्या इमारतीचे एसी आहेत.

मसूर मी घरी लावली. तीन शिट्ट्या, आमसूल, गूळ, वर खोबरं.
दाणा शिजला, मोडला नाही.
डावाच्या पाठीने दाबून पाहिलं. नाहीच.

दगड सध्या माझ्या टेबलावर,
उमऱ्याच्या अर्जांवर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
बाहेर सेहेचाळीस. ऑक्टोबरला अवकाश आहे.
बूट मात्र घेऊन ठेवलेत,
माझ्याच पैशांनी, एक नंबर मोठे.