रुमाल

वादी कबीरच्या गल्लीत चार वाजून गेले
तरी पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.
खलफानने ताडपत्री ओढली. म्हणाला,
शहात्तरची. एका हातची. सहा हजार. बघ, सर्जेराव.

अझ्झानचे डोळे आधीच स्टिअरिंगवर बसलेले.
आजोबांकडे असलीच लँड क्रूझर होती म्हणे,
असाच वाळूचा रंग, असंच पांढरं टप.
मी म्हटलं, पोरा, तू जरा सावलीत थांब.
गिऱ्हाईक हसलं
की गाडी दोनशे रियालनं महागते.

तोंडाकडे मी शेवटी बघतो.
तरी दिसलंच, दिव्यांभोवतीची चौकट चौकोनी.
शहात्तरला ती गोल असायची.
म्हणजे कागद खोटा, नाहीतर तोंड उसनं.
पुढच्या उजव्या चाकाशी आडवा झालो,
डिझेलच्या चिंधीनं चासी पुसली,
आणि ग्रीसमधून एकेक आकडा वर आला
आंधळ्या विहिरीतल्या कासवासारखा, सावकाश.
आकडा खरा. कागद खरा.
तोंडच कुणा दुसरीचं.

घड्याळ म्हणतं एकसष्ट हजार.
घड्याळाला घरं पाचच, लाख झाला की ते पुन्हा बाळ होतं.
क्लचच्या रबराला विचारलं, ते पार लोखंडापर्यंत झिजलेलं.
दोनदा तरी बाळ झालंय.

दाराच्या तळाला खिळा घातला, वाळू गळली.
तांबडी गळती तर बरं होतं,
ती आतल्या वाळवंटातली, कोरडी, निरुपद्रवी.
ही पांढरट. तिच्यात शिंपल्याचा चुरा.
म्हणजे बाई किनाऱ्यावर होड्या ओढायची,
रोज पहाटे खाऱ्या पाण्यात मागच्या चाकांनी उभी.

मग खिशातून रुमाल काढला. रुमालात लोहचुंबक.

माझा बाप वडगावच्या बाजारात हेडी होता.
बैलाचे दात बघायचा, शेपटीचा गोंडा, खुरांमधली फट,
आणि भाव कधी तोंडानं बोलला नाही.
रुमालाखाली हात, हातात बोटं,
चार बोटं दाबली की चार, भोवतीच्या गर्दीला पत्ता नाही.
पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये, म्हणायचा,
आणि एकदा स्वतःच केलं होतं. त्याचं तो कधी सांगत नसे.

बोनेटवर चुंबक धरला. घट्ट.
दारावर घट्ट.
डाव्या मागच्या कमानीवर ठेवला
आणि तो घसरला, रुमालासकट.
रंगाखाली बोटभर लांबी.

आतून गालिचा उचलला. टॉर्च लावली.
वेल्डिंगची शिवण होती, लहान लहान टाके,
सगळे एकाच बाजूला कललेले
डावखुऱ्यानं घातल्यासारखे.
मी माझा डावा हात बघितला.

बरका. सत्त्याण्णवचा उन्हाळा.
गंज कापायला दोन दिवस मागितले होते,
फोरमन म्हणाला, संध्याकाळी न्यायला येतायत. झाक.
मी गंजावरच पत्रा ठेवला.
वर लांबी, वर रंग, असा रंग की मालकानं पाठ थोपटली.
त्या आठवड्यात मी फार खूश होतो, हेही आठवतं.

अझ्झान आला, खाली वाकला. चांगली दिसतेय की.
म्हटलं, आत कुजलीय. कमानीपासून पार जोत्यापर्यंत.
न उघडता कसं कळलं?
खलफानही बघत होता.
मीच झाकलंय, मी म्हटलं.

कुणी काही बोललं नाही.
पलीकडच्या गॅरेजात कुणीतरी एअरगननं नट सोडत होतं,
एक सुटेना. तो पुन्हा पुन्हा लावत होता.

तरी चासी खरी आहे, मी म्हटलं. इंजिनचा आवाज स्वच्छ आहे.
तोंड बदलता येईल.
अझ्झानने हळूच विचारलं, किती द्यावेत?
मी चुंबक खिशात टाकला
आणि सवय नसताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच,
त्याच्या हातावर रुमाल टाकला.
पोरगं हसलं, त्याला वाटलं काही जादू आहे.
मी त्याची चार बोटं दाबली.

शिवण उसवायची मजुरी
त्यात धरली नव्हती.