तुडूम

आधी जोडवी रुतली.
मग बांगड्या. आईनं साबण लावून एकेक काढली,
दोन फुटल्या, एक ठेवली नवऱ्याच्या नावानं.
"पोटूशी बाई सुजतेच वं," म्हणाली,
आणि काचा सुपात वेचल्या.

आठवा सरत होता.
बांधीतलं धान पोटरीत होतं.
आशाताईचं मशीन दोनदा फुगलं,
दोनदा तिनं ते हलवून पाहिलं, चुकते हे म्हणून:
एकशे ऐंशी, खाली एकशे वीस.
तोवर मला काजवे दिसू लागले होते,
भर दुपारी, चुन्याच्या भिंतीवर,
आणि मी हातानं हाकलत होते त्यांना
सुकटीवरल्या माशांसारखं.

यापुढचं माझं नाही.
लोकांनी सांगितलेलं आहे, आणि प्रत्येकाचं वेगळं.
भाऊ म्हणतो, दातखिळी बसली ती चुलबंदच्या पुलावर;
आशाताई म्हणते, पुलाच्या कितीतरी आधी.
काकी म्हणाली, हे बाहेरचं आहे,
गाडी पुजाऱ्याकडे वळवा.
बाप ड्रायव्हरशेजारी बसला होता.
"पुढं घे," म्हणाला. एवढंच.

दोन्ही कुल्ल्यांत सुया दिल्या,
त्याचा पुरावा मात्र माझ्याजवळ आहे,
अजून, खाली बसताना.
पोरगी काढली. चौदाशे ग्रॅम.
तिसऱ्या दिवशी मी विचारलं,
हे कोणाचं?

डॉक्टर मडावी माझ्याच वयाची.
रिपोर्टच्या पाठीवर तिनं बापाला चित्र काढून दिलं.
मेंदूच्या नसा आपलं आपण आवळतात, सैल होतात, म्हणाली;
वरून रक्ताचा कितीही जोर येवो,
आत जातं ते मोजून.
हिच्या नसा दमल्या. जोर थेट आत गेला,
पाणी पाझरलं डोक्याच्या मागल्या बाजूला,
दिसणं राहतं तिथं.

बापानं कागद उलटा धरला होता.
तीस वर्षं तो गावच्या तलावाचं पाणी सोडतो.
तलाव सलंगावरून सांडत असो, की तळाला गेलेला,
शेवटच्या बांधीत घोट्याएवढंच पाणी.
"म्हंजे तुडूम गेला," तो म्हणाला.
"तुडूम म्हणजे?"
मग तोच तिला समजावत बसला:
खुंटी कशी ठोकायची, तिला चिंधी किती गुंडाळायची,
अंधारात तळपायाला कसं कळते
का पाणी चोरून चाललं.
बाहेर सात बाया रांगेत होत्या.
तिनं सगळं ऐकून घेतलं.

घरी आले, तर शब्द जागेवर नव्हते.
गाळणी. मंगळवार. भाचीचं नाव.
चुलीशी उभी राहून मी बोट दाखवायची
आणि आई भलतंच काही हातात द्यायची.
तुडूम तर बापाच्या घरचा शब्द,
जेवणाआधी कानावर पडलेला,
त्यालाही मी म्हणायची, ते,
ज्यानं ते सोडतात ते.
आई लगेच सांगून टाकायची.
बाप सांगायचा नाही. घास हातात धरून थांबायचा.

दीड महिन्यानं पुन्हा भंडाऱ्याला.
कानशिलावर गार चिकट काही लावून
डॉक्टरनं एक लहानशी कांडी टेकवली,
आणि भिंतीजवळच्या डब्यातून
माझंच रक्त बोलायला लागलं:
सूं, सूं, सूं,
कोणी रात्रीचं धान पाखडत असल्यासारखं.
मी घाबरले नाही. मला ते खोटं वाटलं,
इतकं माझ्या आत
मला न विचारता चाललेलं.

मग दंडाला पट्टा. तो फुगला,
बोटं निळी झाली, नाडी कोंडली,
आणि तिनं चावी किंचित सैल केली.
फुस्स करून हवा निघाली.
दंड हलका झाला.
"तुडूम," मी म्हणाले.

दारात बाप उभा होता, पोरगी दुपट्यात.
त्यानं नुसतं तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

डॉक्टर आकडा लिहीत होती.
मान वर न करता म्हणाली,
"हो, धरतोय आता.
पण गोळी बंद करू नका."