रिव्हर्स

उणे एकोणीस.
डुलुथच्या चढावर, आमच्या गॅरेजमध्ये, आईची ब्यूक.
सत्त्याण्णव सालची.
कागदपत्रांत तिचा रंग 'शॅम्पेन',
आम्ही म्हणायचो, दूध घातलेली कालची कॉफी.

दांडा 'आर'वर ओढायचा आणि वाट बघायची.
आई मोजते: उक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या.
तिच्या आजीबरोबर बोटीतून आलेले आकडे.
बाकीची फिनिश कधीच विरून गेली,
दहापर्यंतची उरली, गाडीपुरती.
'नेल्या'ला खालून धक्का बसतो
आणि ब्यूक मागे सरकते, कुरकुरत,
जेवणातून उठवलेल्या माणसासारखी.

गेल्या हिवाळ्यात दोनवर भागायचं.

चढावर वेगळंच.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच हात सुटतो.
इंजिन बोंबलतं, काटा चार हजारांवर,
गाडी मात्र जिथल्या तिथे.
मागचा पिकअपवाला हॉर्न देत नाही. इथे देत नाहीत.
नुसता बघत राहतो. ते जास्त लागतं.

वेंडेल कांगासनं तेलाची कांडी उपसली,
पांढऱ्या कागदावर पुसली, माझ्या नाकाशी धरली.
लाल असायला हवं होतं, चेरीच्या रसासारखं.
हे डांबर. करपलेल्या टोस्टचा वास.
"मग बदल ना तेल," मी म्हटलं.
तो बराच वेळ हात पुसत राहिला.
"एक लाख ऐंशी हजार मैल, त्याच तेलावर.
आतल्या क्लचच्या चकत्या झिजून गुळगुळीत झाल्यात.
त्यांचाच भुगा या तेलात आहे,
आणि त्या भुग्यामुळेच थोडीफार पकड आहे.
स्वच्छ तेल घातलंस
तर माझ्या दारातून बाहेर जायची नाही."

झाकली मूठ.
नवा गिअरबॉक्स बत्तीसशे डॉलर.
गाडी नऊशेची, तीही कोणी घेतली तर.
आईनं पर्सची चेन लावली. "पुढे तर जाते ना?"

काचेच्या कोपऱ्यात अजून तो स्टिकर आहे,
बाबांच्या अक्षरात: 'गिअर ऑइल, नव्वद हजारला'.
नव्वद हजार झाले त्या वर्षी छप्पर गळत होतं.
आधी छप्पर, आई म्हणाली.
बाबा मान हलवून शिडी आणायला गेले.
यावर आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही.
स्टिकर मात्र ती दर वसंतात
ओल्या फडक्यानं, कडा न उचलता, पुसते.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
ती मागे न जाता जगायचा नकाशा करते.
चर्चमध्ये पार टोकाची जागा, तोंड रस्त्याकडे.
दुकानात दारापासून लांब,
जिथून समोरच्या रिकाम्या चौकोनातून थेट निघता येईल.
दवाखान्याला तर ती सोडूनच देते,
तिथे सगळ्या जागा भिंतीकडे तोंड करून आहेत.
(हे मला डॉक्टरांच्या फोनवरून कळलं.)

म्हणून आज मी गॅरेजमध्ये,
बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून. मोज्यांतूनही पत्रा चावतो.
"न्यूट्रलला टाक, आई. मी ढकलते."
"नको. लागेल तो."
मान वळवून मागच्या काचेतून बघत, हात चाकावर,
ती मोजायला लागली.
नेल्या गेला. वीसी. कूसी.
मी रेटत होते, बूट सिमेंटवर घसरत होते,
सात, आठ, आता पुढचे आकडे तरी कुठून आणणार ही,

'उह्देक्सॅन'ला तो लागला.

ब्यूक हातांखालून निघूनच गेली.
मी गुडघ्यांवर, मग कोपरांवर.
तोंड वर केलं तेव्हा ती अंगणाबाहेर,
धुराड्यातून पांढरा लोट सोडत,
आणि आई काच खाली करून ओरडत होती,
दार लावून घे, उष्णता जातेय बाहेर.