चाळीस भोकांचा ट्रे

ओव्हन माझा. आधी हे लिहून ठेवते.
बानित्सा भाजायचा गोल ट्रेसुद्धा माझा,
आईनं विदिनच्या बाजारातून आणलेला.
त्याला चाळीस भोकं पाडली दोब्रिननं,
मी दाढ काढायला गेले होते त्या दुपारी.

गावात नऊ दिवस पाणी नव्हतं.
व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण डांबराखाली कुठेतरी.
जागा फक्त क्रुमला ठाऊक, आणि क्रुम वारला.
कचेरीतला नकाशा उंदरांनी वाचून संपवला.
"शोधायचं यंत्र करतो," दोब्रिन म्हणाला,
चहा करतो म्हणावं तसं.

तार त्यानं एका संध्याकाळी गुंडाळली.
अडलं ते तारेच्या घरापाशी.
घर हलकं हवं, पाणी न शिरणारं,
आणि आत एक खिळा नको, एक स्क्रू नको,
नाहीतर यंत्र जन्मभर स्वतःलाच शोधत बसेल.
अशी माणसंही असतात. नाव घेत नाही.

बंद पडलेल्या दुकानातला फ्रिज त्यानं सोलला.
आतलं पांढरं अस्तर, दह्याचा स्टिकर अजून तसाच,
ओव्हनमध्ये सरकवलं. मी खिडक्या उघडल्या.
प्लास्टिक आधी आखडतं, मग सैल पडतं,
मग मधोमध झोळी होते.
तेवढ्यात काढायचं. आधी नाही, नंतर नाही.
खाली लाकडी साचा, त्याखाली माझा ट्रे,
ट्रेखाली व्हॅक्युम क्लीनर, घशात कापूस अडकल्यासारखा.
फुस्सकन प्लास्टिक बसलं
लाकडाच्या प्रत्येक कडेला बिलगून.
दोब्रिननं जाड हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या.

पण साचा सुटेना.
सुरी, हातोडी, गरम पाणी, क्रुमच्या नावानं शिव्या.
शेवटी लाकूडच चिरलं.
मी म्हटलं, भिंती ताठ कशाला उभ्या केल्यास?
केकचं भांडं पाहिलंयस कधी? वर रुंद, खाली अरुंद.
सुटायचं तर थोडं कलावं लागतं.
तो काही बोलला नाही. रंधा काढला.
दुसऱ्या साच्याला चार अंशांचा उतार,
आणि अंगाला पावडर. तीही माझीच, गुलाबाची.

रात्री आत दोन वेटोळी मांडली,
एक बोलणारं, एक ऐकणारं.
एकमेकांवर इतकीच चढवायची
की बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याला ऐकूच जाऊ नये.
तरच त्याला जमिनीतलं ऐकू येतं.
काटा शून्यावर आला. एपॉक्सी ओतली.
ती तापत गेली तशी तार फुगली, काटा ढळला,
आणि साडेतीनपर्यंत आइस्क्रीमच्या काडीनं
दोब्रिन वेटोळं ढोसत राहिला,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
मी शेजारी टॉर्च धरून.
बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही.
पण काटा शून्यावर होता.

सकाळी शाळेसमोर अर्धं गाव.
पहिल्या खड्ड्यात नाल. दुसऱ्यात
कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या साखळीची कडी.
तिसऱ्यानंतर इवायलोनं कुदळ टाकली
आणि झाडाखाली जाऊन सिगारेट पेटवली.
सरपंचबाईंच्या ओपेलजवळ यंत्र किंचाळलं.
गाडीच ती, ओरडणारच, सगळे म्हणाले.
गाडी हलवली.
यंत्र ओरडतच राहिलं.

पाणी आलं तेव्हा आधी गंज आला, मग बेडूक,
मग पाणी.

आता शेजारच्या गावचे लोक येतात, एखादं घर दे म्हणतात.
प्रत्येक घराच्या पाठीवर एक बारीक पुळी उमटते:
साच्यावर पावडरचा खडा चिकटून बसलाय.
घासून टाक म्हटलं. नाही म्हणाला.

ट्रेमध्ये बानित्सा होत नाही, लोणी गळतं.
सप्टेंबरात त्यावर आलुबुखार वाळत घातले.
खालून वारा लागतो, बुरशी धरत नाही,
इतके चांगले कधीच वाळले नव्हते.
हे दोब्रिनला सांगितलेलं नाही.