पेरेरांचा उजवा खांदा

अप्पांच्या वहीत माप म्हणजे नुसतं माप नसायचं.
छाती चाळीस. कंबर अडतीस, जेवणानंतर एकोणचाळीस.
उजवा खांदा पाऊण इंच उतरता, तुबा वाजवून.
टेप लावली की श्वास रोखतो, बोलतं ठेवणे.
हे सगळं एकाच ओळीत, शेवटी समासात चढलेलं,
निळ्या पेन्सिलीने.

मी अ‍ॅप लिहिलं तेव्हा रकाने पाडले:
नाव, फोन, छाती, कंबर, बाही, खांदा, ट्रायल.
खांदा एकच. फक्त आकडा. दशांश चालेल.
"तुबा कुठे भरू?" अप्पांनी विचारलं.
म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

ठाकुरद्वारला दुकान, कुर्ल्याला कारखाना.
पूर्वी माप चिठ्ठीवर जायचं, इर्शादच्या खिशातून,
घामाने भिजायचं
आणि बाही इंचभर वाढून परत यायची.
आता अप्पा इकडे बोट उचलतात
आणि तिकडे मशीनवर टांगलेल्या टॅबमध्ये
आकडा उमटतो.
"मधे कुठे जातो तो?"
ऐरोलीला. एका मोठ्या, थंड इमारतीत.
"ठाकुरद्वारहून कुर्ल्याला, व्हाया ऐरोली?"
अप्पा काज करता करता हसले.
"तुझा क्लाउड नवख्या गिऱ्हाइकाला फिरवणारा टॅक्सीवाला आहे."

अ‍ॅलॉयशियस पेरेरा मार्चमध्ये गेले.
शिवडीला पुरलं.
कोटाला नुसता कच्चा टाका होता, अस्तरही नाही.
इर्शादने महिनाअखेरीला यादी साफ केली.
नाव दाबून धरलं. काढून टाकायचं? नक्की? हो.

काढून टाकलेली नोंद खरं तर लगेच जात नाही.
तिच्या जागी आम्ही एक बारीकशी खूण ठेवतो:
इथे अमुक होतं, अमुक वाजता गेलं.
नाहीतर उशिरा जागा झालेला एखादा फोन
ते अजून आहे असं धरून चालेल
आणि सगळ्यांना तसंच सांगत सुटेल.
आमच्या धंद्यात त्या खुणेला थडगं म्हणतात.
हे मी अप्पांना सांगितलं नव्हतं.

पण मला दिसत होतं:
दुकानाचा फोन. शेवटची जुळणी, अकरा दिवसांपूर्वी.
नेट बंद.
गिऱ्हाईक पैसे पाठवून स्वतःचा स्क्रीन पुढे करायचं,
अप्पा चष्मा वर न करताच मान डोलवायचे.
अकरा दिवस त्या एका फोनमध्ये पेरेरा होते,
छाती चाळीस, एकही रकाना रिकामा नाही.
बाकी कुठेच नव्हते.

बाराव्या दिवशी जेवताना म्हणाले,
"दोघांनी एकाच ओळीला हात लावला, तर ते कोणाचं खरं धरतं?"
जो नंतर लिहील त्याचं.
भांडण नको म्हणून. सोपा नियम आहे.
"नंतर म्हणजे, घड्याळाने?"
घड्याळाने.
त्यांनी आमटी वाढून घेतली.

संध्याकाळी सात दहाला दुकानात नेट चालू झालं.
बारीक चक्र फिरलं.
ऐरोलीत कुणी न बघता
एका थडग्याची वेळ आणि एका ओळीची वेळ
शेजारी शेजारी ठेवली गेली.

साडेसातला इर्शादचा फोन, आवाज खाली आणून:
"ताई, पेरेरासाहेब परत आलेत यादीत."

मी नोंद उघडली.
मापं तीच, पावसुद्धा हललेलं नाही.
बदल एकाच रकान्यात, सात वाजून नऊ मिनिटांनी:
ट्रायल, येत्या शनिवारी, सकाळी अकरा.

इर्शादला म्हटलं, राहू दे.
रात्री मी खांद्याचे दोन रकाने केले,
डावा, उजवा,
आणि सगळ्या फोनांवर पाठवून दिले.

सकाळी पाहिलं तर सगळ्या गिऱ्हाइकांचे दोन्ही खांदे सारखे.
फक्त एकाच ओळीत
उजवा पाऊण इंच खाली.