खिडकी नसलेली खोली

बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसला खिडकी नाही
आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही नाही.
हा विनोद माझ्या भाच्याचा, निनाद खवणेकरचा.
पतपेढी बुडाली तेव्हा लिलावात साडेतीन हजारांना घेतलेल्या डब्यात
त्याने लिनक्स घातलं, त्या दुपारचा.
मी हसलो नव्हतो. मला कळलाच नव्हता.

आता कळतो.
रात्रपाळीला कॉम्प्रेसर धडधडत असतो,
मिठाच्या पाण्यात डबे गोठत उभे,
अमोनियाचा वास नाकाने कधीच सोडून दिलेला.
पहाटे तीनपर्यंत कुणी लादी मागायला येत नाही.
तेव्हा मी ट्रक चालवतो.
देवगड बंदरात बसून, चपला काढून,
कुठल्याशा बर्फाळ घाटात, अठरा चाकांचा.

तो खेळ या यंत्रासाठी लिहिलेलाच नाही.
मधे एक दुभाषा बसवलाय, प्रोटॉन नावाचा.
खेळ आपल्या भाषेत हाक मारतो,
हा इकडच्या भाषेत काम उरकून घेतो,
आणि खेळाला शेवटपर्यंत वाटत राहतं
आपण आपल्याच घरी आहोत.

असा एक 'दिर्बादेवी प्रसाद'वर आहे. हरकबहादूर.
तांडेल ओरडतो, "जाळा व्हडा रे, मेल्यांनो!"
हरक मागे वळून चौघांना नेपाळीत दोनच शब्द सांगतो
आणि जाळं वर येतं.
शिव्यांचं भाषांतर तो करत नाही.
प्रोटॉनकडूनही काहीबाही गळतं;
एखादा डोंगर जांभळा येतो,
पेट्रोलपंपावरच्या माणसाला तोंडच नसतं.
चालायचंच.

निनाद सांगतो, पूर्वी एक खेळ चालवायला तीन रात्री जायच्या
आणि चौथ्या रात्री आवाज यायचा नाही.
आता बटण दाबायचं.
पहिल्यांदा अडखळतो,
थंड इंजिनाने दोन आचके द्यावेत तसा,
मग लागतो.
कुणीतरी कुठेतरी बसून हे सगळं जुळवलं.
मला त्याचं नाव ठाऊक नाही,
त्याला देवगड.

निनाद पुण्याला गेला.
तिथे तो आणि त्याचे मित्र बंदुकांचा एक खेळ खेळतात.
म्हणाला, मामा, ये ना तूही रात्री, बोलत बोलत खेळू.
उतरवून घ्यायला दोन रात्री गेल्या.
दारातच पहारेकरी.
त्याने दुभाष्याला न्याहाळलं आणि म्हणाला,
तुमच्या यंत्रावर आमचा भरवसा नाही.
मी काही लबाडी केली नव्हती.
बंदूक तर अजून उचललीही नव्हती.
निनाद म्हणाला, मे महिन्यात आलो की विंडोज टाकून देतो.
बघू, म्हटलं.

परवा तीनला हरक आला, चाळीस लाद्या सांगायला.
स्क्रीनवर बर्फ पडत होता.
तो उभाच राहिला.
क्रशरवरचा पोरगा डोळे चोळत उठेपर्यंत
मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.
त्याने ट्रक हळू नेला, खालच्या गिअरवर,
प्रत्येक वळणावर हॉर्न देत.
समोरून कुणी येत नाही या खेळात, हे मी सांगितलं नाही.
मग म्हणाला, बर्फ असा सरळ पडत नाही.
तिरका येतो. कानात जातो.
मग सगळा आवाज बंद होतो.

मी कॉम्प्रेसर ऐकत राहिलो.
बाहेरून तांडेलाची हाक आली, शिवीसकट.
हरकने ट्रक रस्त्याच्या कडेला नीट लावला,
हँडब्रेक कुठला ते विचारलं, ओढला,
आणि लाद्या मोजायला गेला.

वहीत लिहिलं: चाळीस, दिर्बादेवी प्रसाद, उधार.
ट्रक मी अजून हलवलेला नाही.